बघण्याचा तास

चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत सर्वांत जास्त काम पंधरा ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात असतं आणि सर्वांत कमी काम चित्रकलेच्या तासाला. फलक रंगवायचा, प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात नावं घालायची, स्नेहसंमेलनाचा पडदा, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं मानपत्र, पाहुण्यांसाठी दारातली रांगोळी, हे सगळं ‘ड्रॉइंगच्या सरां’कडे. तास मात्र गणिताच्या मॅडमना हवा असतो. दिवाळीनंतर तर हवाच असतो. कलाशिक्षणाची विद्यार्थिनी म्हणून खामगावातल्या आणि आसपासच्या शाळांत सराव पाठ घ्यायला जाऊ लागले तेव्हा पहिल्यांदा उमगलं ते हे, की आपला विषय शाळेला लागतो, पण तास म्हणून लागत नाही.

हे पुस्तक त्या सराव पाठांच्या टाचणवहीतून निघालं. पाठ टाचण कसं असतं ते शिक्षक झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घटक, उपघटक, उद्दिष्टं, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, मूल्यमापन. हे रकाने पाठ घेण्याआधी भरायचे असतात. म्हणजे मुलं उद्या काय करतील ते आदल्या रात्रीच लिहून झालेलं असतं आणि त्यावर मार्गदर्शकांची सहीही झालेली असते. दुसऱ्या दिवशी मुलं भलतंच करतात. ते भलतं मी वहीच्या डावीकडच्या कोऱ्या पानांवर टिपत गेले. इथे छापलंय ते बहुतेक डावीकडचं आहे.

खामगावात चित्रकला शिकणं ही काही नवलाई नाही. असहकाराच्या दिवसांत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय शाळांपैकी एक, टिळक राष्ट्रीय विद्यालय, इथलंच. पंधे गुरुजींच्या नावाचं चित्रकला महाविद्यालयही इथलंच. त्याआधीचं खामगाव कापसाचं. जलंबहून फुटणारा खामगावचा छोटा रेल्वेफाटा १८७० साली सुरू झाला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि पुढे बोटीने विलायतेला जावा म्हणून. त्याच सरकारने, थोड्याफार त्याच वर्षांत, आपल्याकडे चित्रकला शिकवण्याची एक पद्धतही आणली. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं होतं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये ठरलेला क्रम असा होता की आधी रेषा, मग छापील नमुन्यावरून नक्षी, मग प्लास्टरचा साचा, आणि जिवंत वस्तू शेवटी. कारागिराचा हात वळणावर यावा हा हेतू. मुलाने स्वतःला काय दिसतं ते सांगावं, हा हेतू त्या वेळी कुणाच्या मनातही नव्हता. आमच्या शाळांत आजही चित्र ‘नीट’ आलं की नाही हेच आधी पाहिलं जातं, याचं मूळ मला तिथे दिसतं.

महाराष्ट्रात शालेय चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. या शासकीय रेखाकला परीक्षा १९६५ मध्ये स्थापन झालेलं कला संचालनालय घेतं. ग्रेड परीक्षांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. मी या परीक्षांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्यातल्या काहींना त्यांना नावं ठेवण्याची हौस असते. तालुक्याबाहेरच्या शाळेतल्या मुलाच्या हातात जाड कागद, २बी पेन्सिल आणि पोस्टर कलरच्या बाटल्या पहिल्यांदा येतात त्या याच परीक्षेच्या निमित्ताने. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला गुण मिळू लागले, ए ला ७, बी ला ५, सी ला ३, तेव्हापासून पालकही विचारायला येतात. २०२१ च्या दहावीला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि ते गुण मिळाले नाहीत, तर केवढी ओरड झाली. चित्रकलेसाठी महाराष्ट्रात एवढी ओरड मी दुसऱ्या कोणत्याही कारणाने ऐकलेली नाही.

पण गुण आले तशी तयारी आली, आणि तयारीबरोबर ती बाई आली.

ती बाई म्हणजे स्मरणचित्रातली पाठमोरी बाई. नऊवारी साडी, कमरेवर किंवा डोक्यावर घागर, केसांचा अंबाडा, एक पाय किंचित पुढे. तोंड दिसत नाही, हाच तिचा मोठा गुण, कारण तोंड काढणं अवघड. एकदा ती जमली की मूल तिला कुठेही उभी करतं. विषय ‘पाणवठा’ असेल तर ती आहेच. ‘आठवडी बाजार’ असेल तरी घागर घेऊन ती भाजीवाल्यासमोर उभी. ‘बसस्थानक’ विषयात ती घागरीसकट एस.टी.ची वाट बघते. एका वर्गात ‘पावसाळ्यातील दृश्य’ दिलं होतं. भर पावसात ती पाणी आणायला निघालेली, आणि मागे नारळाची दोन झाडं. अख्ख्या वऱ्हाडात मुलांच्या घरामागे निंब असतो, धुऱ्यावर बाभूळ असते. नारळ देवळात प्रसादाला येतो तेवढाच. मी एका मुलीला विचारलं, तुझ्या आईला घागर घेऊन जाताना कधी बघितलंस? ती म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं नळ हाय. पन परीक्षेत अशीच काहाडा लागते.”

ही बाई मोबाइलमधून आलेली नाही. ती मार्गदर्शक पुस्तिकांतून आली, त्याआधी सरांच्या फळ्यावरून, आणि सरांकडे त्यांच्या सरांच्या फळ्यावरून. म्हणून ‘मोबाइलने मुलांची कल्पकता मारली’ असं स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून कुणी बोलू लागलं की मला त्या बाईची आठवण होते. पाहून उतरवणं आपल्या शाळांत मोबाइलच्या फार आधीपासून ठाण मांडून बसलं आहे. मोबाइलने त्याला वेग दिला, एवढंच.

पाहून उतरवण्यात वाईट काय, हा प्रश्न मात्र मला या काळात सर्वांत जास्त छळत राहिला, आणि पुस्तकाचा मधला मोठा भाग त्याच्याशीच झगडतो. कारण आपली सगळी चित्रविद्या पाहून उतरवण्यावर वाढली आहे. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी अजिंठा आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा लष्करी अधिकारी तिथे पोहोचला. १८४४ पासून रॉबर्ट गिल त्या भिंतींसमोर वर्षानुवर्षं बसून प्रतिकृती करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात अजिंठ्याला जाऊ लागले. या मुलांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ पुन्हा लंडनमध्येच, १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्यांवरून आणि रेखाटनांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. पुढे १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आले, तेही पाहून उतरवायलाच.

ही सगळी नक्कलच. पण अंधाऱ्या लेण्यात, उजेड आत खेळवण्याची खटपट करत, पद्मपाणीच्या भुवईचा बाक कुठे वळतो ते शोधत बसलेल्या त्या मुंबईच्या पोरांना ती नक्कल करताना बघावंच लागत होतं. बघितल्याशिवाय पुढची रेषा येतच नव्हती. घागरवाल्या बाईला बघावं लागत नाही. ती पाठ असते. माझ्या लेखी फरक इथे आहे. (गिल आणि ग्रिफिथ्स यांनी चित्रं उजळून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवरच वॉर्निश फासलं आणि ते पुढे पिवळं पडून चित्रांना भोवलं, हेही सांगायला हवं. नीट बघण्याच्या हट्टापायी बघण्याची वस्तूच बिघडवणारे लोक तेव्हाही होते.)

खामगावातच याचं जवळचं उदाहरण आहे, आणि ते शाळेच्या भिंतीबाहेर आहे. या गावाला रजतनगरी म्हणतात. देवांच्या मूर्ती, प्रभावळी, मखरं, ताटं-वाट्या, दसऱ्याला चांदीची आपट्याची पानं. एका कारागिराकडे मी काही दुपारी बसून होते. राळेवर चांदीचा पत्रा बसवून तो मागच्या बाजूने ठोकतो, मग पत्रा उलटवून पुढून बारीक छिन्नीने रेषा बसवतो. मागून ठोकताना चित्र उलटं असतं आणि खोलगट असतं; डोक्यात ते सुलटं आणि उठावाचं ठेवावं लागतं. आपट्याच्या पानाची मधली शीर तो नमुन्याकडे न बघता मारत होता. मी म्हटलं, पाठ झालंय. तो म्हणाला, पाठ झालंय, पण पत्रा रोज येगळा असते. कुठं पातळ, कुठं जाड, हाताला समजलं पाहिजे. त्याचा मुलगा ज्या शाळेत आठवीत शिकतो तिथे मी पाठ घेतला होता. या मुलाच्या चित्रकलेच्या वहीत आपट्याचं पान नव्हतं, छिन्नी नव्हती, राळेचं भांडं नव्हतं. घागरवाली बाई होती.

शाळा आणि गाव यांच्यामधली ही भिंत सर्वांत जास्त जाणवते ती कोजागिरीनंतर. नवरात्र संपून बाकी ठिकाणच्या देवी उठलेल्या असतात तेव्हा खामगावात जगदंबा बसते. मोठी देवी, तिचा शांती उत्सव, मंडळांचे मांडव, दर्शनाच्या रांगा, जत्रेतले पाळणे. त्या दिवसांत मुलांना स्मरणचित्राला ‘आमच्या गावची देवी’ हा विषय दिला. वर्गातल्या बहुतेकांनी आदल्या संध्याकाळी मोठ्या देवीचं दर्शन घेतलेलं. कागदावर जी देवी आली ती कॅलेंडरवरची होती. गुलाबी गाल, मागे हिरवा डोंगर, कमळ.

ही कॅलेंडरची देवी आली कुठून ते पाहायला हवं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत छापांनी घरोघरच्या देव्हाऱ्यांत जागा घेतली. त्यानंतर लक्ष्मी म्हटली की डोळ्यांपुढे कोण यावं हे ठरून गेलं. तंत्रज्ञान आणि संस्कृती हा विषय निघाला की आपण तो नेहमी कालपरवा सुरू झाल्यासारखा बोलतो; माझ्या मते महाराष्ट्रात तो त्या छापखान्यात सुरू झाला. याच छापखान्यासाठी काम केलेल्या एका माणसाने, १८८५ साली जे. जे.त दाखल झालेल्या दादासाहेब फाळक्यांनी, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. रंगापासून शिळेपर्यंत, शिळेपासून कॅमेऱ्यापर्यंत, कॅमेऱ्यापासून हलत्या चित्रापर्यंत गेलेला हा कलाविद्यार्थी आमच्या अभ्यासक्रमात चित्रपटाचा जनक म्हणून येतो, चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून येत नाही. यंत्राला न भिणारा कलाशिक्षक घडवायचा तर याहून चांगला धडा कोणता?

आता मोबाइलकडे येते. सातवी-आठवीचा वर्ग, वस्तुचित्राचा पाठ. टेबलावर पितळी तांब्या आणि दोन वांगी ठेवली. खिडकी उजवीकडे, म्हणजे तांब्याचा उजवा काठ चकाकणार आणि सावली डावीकडे पडणार. मागच्या बाकावरचा एकजण मांडीवर मोबाइल ठेवून काढत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, “मॅडम, समोरचा काहाडू का मोबाइलमंधला? मोबाइलमंधला चांगला हाय.” त्याचा तांब्या खरंच चांगला उतरला होता. तोंडाची लंबवर्तुळाकार कड सफाईदार, छटा मऊ. फक्त चकाकी डावीकडे होती. वांगी त्याने समोरची बघून काढली होती, त्यांची चकाकी उजवीकडे. एका कागदावर दोन सूर्य उगवले होते. त्याला ते दाखवलं तेव्हा त्याने आधी खिडकीकडे बघितलं, मग तांब्याकडे, मग मोबाइलकडे, आणि त्या तासात पहिल्यांदा काहीतरी बघितलं गेलं.

त्यानंतर मोबाइल बाहेर ठेवायला लावायचं सोडून मी तो कामाला लावला. त्याच तांब्याचा फोटो सकाळी प्रार्थनेनंतर काढायचा आणि मधल्या सुट्टीत काढायचा; सावली कुठून कुठे गेली ते दोन्ही फोटोंवरून रेषेत मांडायचं. धावत्या बैलाचं चित्रण थांबवून थांबवून पाय मोजायचे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी भिंतीवरच्या पडद्यावर मोठा करून फक्त हाताची बोटं काढायची. यातले सगळेच पाठ जमले नाहीत. बैलाचा पाठ तर हास्यकल्लोळात संपला. पण शाळांत आता डिजिटल फळे आहेत आणि त्यांवर बहुतेक वेळा दाखवलं जातं ते ‘सोप्या पद्धतीने मोर काढा’ छापाचं चित्रण, त्यापेक्षा हे बरं. त्या मोरात मूल मोराकडे बघत नाही, दुसऱ्याच्या हाताकडे बघतं.

अक्षरलेखनाची गोष्ट थोडी वेगळी. खामगावच्या बाजारातून चालत गेलं तर जुन्या दुकानांवर पेंटरच्या हाताच्या पाट्या अजून सापडतात, कोपऱ्यात पेंटरची बारीक सही. फ्लेक्स आल्यावर त्यातले बरेच रेडियमच्या कामाकडे वळले. गाड्यांच्या काचांवर देवाचं नाव कापून लावणं हे आज त्यांचं पोट. मुलांना या पाट्यांचे आणि फ्लेक्सचे फोटो काढून आणायला सांगितलं, आणि दोन्हीकडचा एकच ‘श्री’ शेजारी ठेवून बघायला लावलं. संगणकावरचं देवनागरी कुणीतरी बसून काढलेलं असतं, हे मुलांना माहीत नव्हतं. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशींनी काढला, सुलेखनात आयुष्य घातलेल्या मराठी माणसाने, हे ऐकल्यावर एका मुलीने विचारलं की मग पेंटरकाकांच्या अक्षराचा फाँट का नाही होत? त्याचं उत्तर या पुस्तकात नाही. कुणी ते शोधलं तर मला आनंद होईल.

आणि आता तर नुसतं वाक्य टंकलं की चित्र तयार होतं. नववीतल्या एकाने ‘खामगावची जगदंबा’ असं टंकून चित्र आणलं. आली ती दुर्गा, बंगाली डोळ्यांची, पांढऱ्या-लाल साडीतली. वर्ग हसला, कारण ती आपली नव्हे हे सगळ्यांना लगेच कळलं. मग मी विचारलं, तिच्यात काय चुकलं ते काढून दाखवा. त्या दिवशी प्रथमच मुकुट, कपाळ, नाकातली नथ, बसण्याची ढब यांवर मुलं एकमेकांशी भांडली, आणि दोघंजण संध्याकाळी पुन्हा मांडवात जाऊन बघून आले. कॅलेंडरने जी गोष्ट गुपचूप केली होती ती यंत्राने उघड्यावर केली, म्हणून मी यंत्राची थोडी आभारी आहे. पुष्कळ नाही. हेच काम गुपचूप करायला तेही लवकर शिकेल.

या सगळ्यासाठी शाळेत माणूस लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं लिहिलं आहे. अंशकालीन, तेही शंभरावर पट असेल तरच. आमच्या भागातल्या पुष्कळ शाळांचा पट तिथवर जातच नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला सगळ्या विषयांत मिसळून शिकवा म्हणतं. छान आहे. पण मिसळणारा कोण? विज्ञानाच्या सरांना बेडकाची आकृती काढायला लावली की कला मिसळली, असा अर्थ काढणारे मुख्याध्यापक मला भेटले आहेत.

विदर्भाला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला तेव्हा हस्तव्यवसायाच्या जोडीने त्यात चित्रकला आणि संगीतही होतं. १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून शिकून देवी प्रसाद सेवाग्रामला आले आणि तिथल्या मुलांबरोबर अनेक वर्षं चित्रं काढत राहिले. त्या अनुभवावर त्यांनी हिंदीत ‘बच्चों की कला और शिक्षा’ हे पुस्तक लिहिलं. सेवाग्राम आमच्यापासून रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या आत आहे. एवढ्या जवळ असलेल्या या माणसाकडे कलाशिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी आधी जायला हवं, असं माझं मत आहे. त्यांच्या लिखाणातली एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे मुलाच्या आत सगळं असतंच, शिक्षकाने आड येऊ नये, इतकंच, हा सूर. खामगावच्या मुलांच्या आत मला घागरवाली बाई आणि कॅलेंडरची देवी घट्ट बसलेली दिसली. त्यांना बाहेर काढायला कुणीतरी आड यावंच लागतं. यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वादाचं आहे याची मला कल्पना आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. टिपणं तारखेनुसार लावलेली नाहीत. वस्तू, आठवण, अक्षर, देव आणि यंत्र असे पाच गट केले आहेत. शाळांची, शिक्षकांची आणि मुलांची नावं कुठेही घातलेली नाहीत. मुलांचं बोलणं त्यांच्या वऱ्हाडीतच ठेवलं आहे, प्रमाण करून घेतलेलं नाही. भूमितीवर मी काहीच लिहिलेलं नाही; कर्तव्यभूमिती शिकवण्यात मला गोडी नाही आणि गोडी नसलेल्या विषयावर पानं भरू नयेत. शेवटी काही पाठ टाचणं जोडली आहेत, उजवी आणि डावी पानं शेजारी शेजारी. कलाशिक्षकांनी ती वापरावीत, बदलावीत. तांब्या मिळाला नाही तर कंदील, सूप, पायली, सायकलची घंटी, काहीही चालेल. फक्त हे पाठ सकाळच्या शाळेत घ्यावेत. एप्रिलमध्ये आमच्याकडे अकरानंतर वर्गाच्या खिडक्या बंद कराव्या लागतात, पंख्याखाली सगळीकडून सारखा उजेड होतो, आणि वस्तूला सावलीच उरत नाही.